नाका गेला, घरपट्टी उरली

१९९९ साली नाशिक महानगरपालिकेने कर्जरोखे काढून १०० कोटी रुपये उभे केले. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामांसाठी हा पैसा हवा होता. व्याजदर होता १४.७५ टक्के. राज्य सरकारची हमी या रोख्यांना नव्हती. अशी हमी न घेता बाजारात उतरणाऱ्या देशातल्या पहिल्या काही शहरांत नाशिक होते. अहमदाबादने वर्षभर आधी ही वाट पाडली होती. मग गुंतवणूकदारांनी विश्वास ठेवला तो कशावर? जकात नाक्यांवर. चार नाक्यांवर जमा होणारी रक्कम आधी एका राखीव बँक खात्यात जायची, तिच्यातून रोख्यांचे व्याज व मुद्दल भागवायचे आणि उरलेला पैसा पालिकेच्या तिजोरीत यायचा, अशी ती व्यवस्था होती. शहरात येणारा प्रत्येक मालट्रक त्या कर्जाची परतफेड थोडीथोडी करत होता.

२०२५च्या अखेरीस नाशिक महापालिकेने पुन्हा रोखे काढले. या वेळी रक्कम २०० कोटींची, नाव ‘क्लीन गोदावरी बॉण्ड’. मधल्या काळात नाके बंद झाले, जकात गेली, तिच्या जागी आलेला कर आला तसा गेला. १९९९मध्ये या शहराकडे स्वतःचे, रोजचे, कोणाकडे हात न पसरता मिळणारे उत्पन्न होते आणि त्याच्या जोरावर ते बाजारात पत मिळवू शकले. आज तसे उत्पन्न कोणते उरले आहे, हा या प्रकरणाचा विषय आहे. रस्त्यातला खड्डा, तुंबलेली गटार, गोदावरीतल्या पाणवेली, न झालेली नोकरभरती आणि घरपट्टीचे बिल या सगळ्यांची मुळे याच प्रश्नात आहेत.

कामांची यादी लांब, करांची आखूड

नाशिकची नगरपालिका १८६४ची. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आसपासची खेडी एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. पहिली दहा वर्षे प्रशासकाची गेली. १९९२मध्ये पहिली निवडणूक झाली आणि शांतारामबापू वावरे पहिले महापौर झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे शहर. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली होती. त्यानंतर पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत शहर किती फुगले, ते नाशिककरांना सांगायला नको.

या शहराचा कारभार १९४९च्या महानगरपालिका अधिनियमावर चालतो. त्यातले कलम ६३ पालिकेने करायलाच हवीत अशी कामे सांगते: पाणी, गटारे, सफाई, दिवाबत्ती, रस्ते, दवाखाने, प्राथमिक शाळा, स्मशानभूमी, आग विझवणे. कलम ६६मध्ये पालिकेने स्वेच्छेने करावयाची कामे आहेत. शहर बससेवा या दुसऱ्या गटातली. जुलै २०२१मध्ये एसटी महामंडळाकडून ही जबाबदारी पालिकेकडे आली आणि ‘सिटीलिंक’ सुरू झाली. तिकिटांतून बसचा खर्च निघत नाही. तूट पालिका सोसते. बस हवीच, याबद्दल वाद नाही. पण ऐच्छिक कामही एकदा सुरू केले की आवश्यक होऊन बसते आणि त्याचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात पहिल्या रांगेत येऊन उभा राहतो.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनेत स्थान दिले. बाराव्या अनुसूचीत नगरनियोजनापासून झोपडपट्टी सुधारणेपर्यंत १८ विषय त्यांच्या नावे लिहिले गेले. कामांची यादी झाली, करांची झाली नाही. केंद्राने आणि राज्यांनी कोणते कर घ्यायचे, हे घटनेच्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट आहे. महापालिकेच्या हक्काचा म्हणून एकही कर घटनेने राखून ठेवलेला नाही. कोणते कर पालिकेने घ्यायचे, हे राज्याचे विधिमंडळ ठरवते आणि तेच ते काढूनही घेऊ शकते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२मध्ये महापालिकांच्या अर्थकारणावर अहवाल काढला. भारतातल्या नागरी संस्थांचे उत्पन्न दहा वर्षांहून अधिक काळ देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १ टक्क्याच्या आसपास अडकले आहे, असे त्यात दिसते. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के, दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के.

पैसा नाही म्हणून काम नाही, असे म्हणण्याची सोय मात्र पालिकेला नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने उघड्या गटारांच्या खटल्यात हीच सबब पुढे केली होती. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली: आरोग्य आणि स्वच्छता ही कायद्याने नेमून दिलेली जबाबदारी आहे आणि तिजोरी रिकामी असल्याचे कारण सांगून ती टाळता येत नाही. नागरिकांच्या बाजूने दिलेला हा निकाल योग्यच होता. पण पैसे कुठून आणायचे, हे न्यायालय ठरवू शकत नाही. ते ठरवणाऱ्यांनी या प्रश्नाकडे पुरेसे पाहिले नाही.

जकातीपासून जीएसटीपर्यंत

जकात हा चांगला कर नव्हता. विल्होळीला किंवा आडगावला ट्रकांच्या रांगा लागायच्या, पावत्या तपासल्या जायच्या, डिझेल जळायचे, वेळ जायचा आणि चिरीमिरीला वाव राहायचा. व्यापाऱ्यांचा तिच्यावरचा राग रास्त होता. तरी तिच्यात तीन गुण होते. पैसा रोज यायचा. शहर वाढले, खप वाढला की उत्पन्न आपोआप वाढायचे. आणि तो पैसा शहराचा असायचा, मुंबईहून मंजुरी येण्याची वाट बघावी लागत नसे.

मे २०१३मध्ये नाशिकमध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. नाका नाही, व्यापाऱ्याने आपल्या हिशोबाच्या वह्यांवरून स्वतः कर भरायचा, अशी कल्पना. राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. १ ऑगस्ट २०१५पासून राज्य सरकारने ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी माफ केला. म्हणजे जवळपास सगळा बाजारच करातून बाहेर पडला आणि पालिकांना राज्याकडून अनुदान सुरू झाले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा उरलासुरला एलबीटीही संपला.

याच सुमारास घटनेतही एक बदल झाला. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर कर बसवण्याचा अधिकार राज्यसूचीतल्या ५२व्या नोंदीत होता. १०१व्या घटनादुरुस्तीने ती नोंदच वगळली. त्यामुळे उद्या राज्य सरकारच्या मनात आले तरी ते जकात परत आणू शकत नाही.

तिच्या बदल्यात महाराष्ट्राने २०१७मध्ये स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरायचे आणि दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने रक्कम वाढवत न्यायची, असे त्याचे सूत्र आहे. हा कायदा झाला हे महाराष्ट्राचे श्रेय. सूत्राचा हिशोब मात्र नीट करून पाहायला हवा. २०१६-१७मध्ये १०० रुपये मिळत असतील, तर नऊ वर्षांनी, २०२५-२६मध्ये, २०० मिळतात. त्या काळात महागाई वाढली, सातवा वेतन आयोग लागू झाला, शहर गावठाणांना ओलांडून शेतांत शिरले. नाशिकमध्ये नवा कारखाना आला, नवी बाजारपेठ उभी राहिली, मालाचा खप दुप्पट झाला, तरी पालिकेच्या भरपाईत त्याने एक रुपयाची भर पडत नाही. शहराची भरभराट आणि शहराची तिजोरी यांचा संबंधच तुटला आहे.

आज नाशिक महापालिकेचे अंदाजपत्रक तीन हजार कोटींच्या घरात गेले आहे. त्यातला सर्वांत भरवशाचा स्रोत म्हणजे हे जीएसटी अनुदान. त्यातून आधी पगार आणि निवृत्तिवेतन भागते. आस्थापना खर्च महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये, हा राज्याचा निकष नाशिकमध्ये वर्षानुवर्षे नोकरभरतीच्या आड येत राहिला. उत्पन्न वाढत नाही म्हणून माणसे भरता येत नाहीत. कर आकारणारी, मोजमाप घेणारी, वसुली करणारी माणसे नाहीत म्हणून उत्पन्न वाढत नाही. हे दुष्टचक्र तोडण्याची चावी राज्याच्या हाती नाही, केंद्राच्या तर नाहीच. ती पालिकेच्या हाती उरलेल्या एकमेव मोठ्या करात, घरपट्टीत आहे.

घरपट्टी कशी ठरते

घरपट्टीचे बिल बहुतेक जण शेवटच्या आकड्यापुरते वाचतात. तो आकडा दोन पायऱ्यांनी तयार होतो, आणि या पायऱ्या समजल्या की २०१८चे नाशिकमधले वादळही समजते.

पहिली पायरी करयोग्य मूल्याची. तुमचे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, याचा अंदाज पालिका करते आणि दुरुस्तीखर्चापोटी त्यातून १० टक्के वजा करते. समजा ६०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे आणि दर चौरस फुटाला महिना १ रुपया धरला. वर्षाचे झाले ७,२०० रुपये; १० टक्के वजा जाता ६,४८०. हे झाले करयोग्य मूल्य. दुसरी पायरी कराच्या दराची. सर्वसाधारण कर, पाणी आणि मलनिस्सारणाचे कर, अग्निशमन, वृक्ष संवर्धन असे निरनिराळे कर या मूल्याच्या ठरावीक टक्क्यांनी लागतात. राज्य सरकारचा शिक्षण करही याच बिलात असतो. तो गोळा करून पालिकेला सरकारकडे भरावा लागतो. या सगळ्यांची बेरीज ५० टक्के धरली, तर बिल झाले ३,२४० रुपयांचे.

आता टक्के तसेच ठेवून पहिल्या पायरीवरचा दर १ रुपयावरून २ रुपये केला, तर बिल ६,४८० होते. कराचा दर एका पैशानेही वाढलेला नसतो आणि घरमालकाला मात्र दुप्पट पैसे भरावे लागतात.

कायद्यात या दोन पायऱ्यांचे धनी वेगळे आहेत. कराचे दर कलम ९९नुसार महासभा ठरवते आणि त्यासाठी दरवर्षी २० फेब्रुवारीची मुदत आहे. करयोग्य मूल्य ठरवण्याचे काम आयुक्तांकडे आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये तुकाराम मुंढे नाशिकचे आयुक्त म्हणून आले. ३१ मार्चला त्यांनी करयोग्य मूल्याचे दर कित्येक पटींनी वाढवणारा आदेश काढला. मोकळ्या जागाही त्यातून सुटल्या नाहीत आणि हद्दीतले शेतकरी हवालदिल झाले. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चौरस फुटाला काही पैशांची वाढ झाली तरी वर्षाचा आकडा द्राक्षबागेच्या नफ्याशी स्पर्धा करू लागतो.

मुंढे यांचे म्हणणे असे, की जुने दर वर्षानुवर्षे गोठलेले आहेत, प्रत्यक्ष भाड्याशी त्यांचा काही मेळ नाही आणि ते बदलणे हा आयुक्तांचा अधिकार आहे. नगरसेवकांचे म्हणणे असे, की परिणाम करवाढीचाच असेल तर तो महासभेला डावलून लादता येणार नाही. आंदोलने झाली, महासभेने विरोधात ठराव केला, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. १ सप्टेंबर २०१८ रोजी अविश्वास ठरावासाठी सभा बोलावली गेली. आयुक्तांना परत पाठवायचे तर एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मते लागतात. १२२च्या सभागृहात ती ७७ होतात. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मध्यस्थी केली, मुंढे यांनी दरवाढ निम्म्याने कमी केली आणि ठराव मागे पडला. नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली.

या वादात मुंढे यांचे निदान बरोबर होते आणि उपचाराची रीत चुकीची होती, असे माझे मत आहे. दर गोठवून ठेवणे अन्यायाचेच असते. जुन्या नाशकातल्या वाड्याची घरपट्टी जुन्या भाड्यावर बेतलेली राहते आणि नव्या वसाहतीत कर्ज काढून फ्लॅट घेणारा तरुण त्याच सेवांसाठी कितीतरी जास्त भरतो. पण लोकांनी निवडलेल्या सभागृहाच्या संमतीशिवाय आलेला कर टिकत नाही, हेही खरे. दरवर्षी थोडी वाढ झाली असती, तर २०१८मध्ये एका आदेशाने मोठी वाढ करण्याची वेळच आली नसती. निवडणुकीच्या धाकाने एकामागून एक सभागृहांनी जे टाळले, ते एका अधिकाऱ्याच्या सहीवर ढकलले गेले. सभागृहाने आपला अधिकार वापरला नाही, म्हणून तो त्याच्या हातून निसटला.

वसुलीची गोष्टही अशीच. थकलेल्या घरपट्टीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. शास्ती साचत मुद्दलाच्या पुढे जाते आणि मग अभय योजना येते. थकबाकी भरणाऱ्याला शास्तीत सवलत मिळते. ज्याने वेळेवर भरले त्याला काय वाटत असेल, याचा विचार कोणी करत नाही. एकदा अभय मिळाले की पुढच्या अभयाची वाट पाहणे हा थकबाकीदाराच्या दृष्टीने शहाणपणाचा हिशोब ठरतो.

काही मालमत्तांना हात लावता येत नाही, तो कायद्याचाच भाग आहे. केंद्र सरकारच्या मालमत्तेवर घटनेच्या कलम २८५मुळे घरपट्टी बसत नाही. पण रस्ते, पाणी, सफाई या सेवांचे शुल्क त्या मालमत्तांनी द्यावे, हे राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ठरले. सेवांच्या वापरानुसार ते घरपट्टीच्या ७५, ५० किंवा ३३⅓ टक्के. रेल्वे आणि केंद्रीय कार्यालये असलेल्या नाशिकरोडसारख्या भागासाठी ही तरतूद मोलाची आहे.

न्यायालयाचा आदेश, पालिकेचा खर्च

गोदावरीच्या प्रदूषणाबद्दल २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने ‘नीरी’ या संस्थेकडून उपाय मागवले आणि पालिकेला वेळोवेळी आदेश दिले: सांडपाणी प्रक्रियेविना नदीत सोडू नका, पाणवेली काढा, काठावर पहारा ठेवा. या रेट्याशिवाय गोदावरीकडे इतके लक्ष गेले नसते.

आदेश पाळायला मात्र पैसा लागतो. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथली मलजल शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली ती त्या काळच्या निकषांवर. शुद्ध केलेल्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीमुळे पाण्यातला किती प्राणवायू खर्च होतो याचे माप, लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चालत असे. आता निकष १० चा झाला आहे. नियम कागदावर एका ओळीने बदलतो. नदीकाठच्या केंद्रात मात्र टाक्या, यंत्रे, वीज सगळे बदलावे लागते. निकष कडक झाला हे नदीसाठी चांगलेच झाले. पण निकष ठरवणारा एक, आदेश देणारा दुसरा आणि पैसे उभे करणारा तिसरा, अशी आपली रचना आहे आणि तिसऱ्याच्या हातात सर्वांत कमी साधने आहेत.

रस्त्यांचेही तेच. खड्डेमुक्त रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालय सांगत आले आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. म्हणजे वेळेवर न केलेली डागडुजी पुढे भरपाई होऊन तिजोरीवर येते.

सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा बोजा जमिनीचा आहे. शहर विकास आराखड्यात शाळा, उद्यान, रस्ता, मैदान यांसाठी जागा आरक्षित होतात. नाशिकचा पहिला आराखडा १९९३चा, दुसरा २०१७चा. आरक्षण पडले म्हणजे जागा पालिकेची झाली, असे नाही. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७नुसार दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. २०१३च्या भूसंपादन कायद्याने जमिनीचा मोबदला वाढला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. पालिकेपुढे तीनच वाटा उरतात. रोख मोबदला, तो परवडत नाही. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, तो मालकाला पटला तरच. नाहीतर आरक्षणावर पाणी सोडायचे. ज्या वसाहतीत पाच हजार माणसे राहायला आली आणि मैदान एकही नाही, तिथे बहुतेकदा हेच घडलेले असते.

देणी झेपेनाशी झाली तेव्हा अमेरिकेत डेट्रॉइट शहराने जुलै २०१३मध्ये न्यायालयात दिवाळखोरी जाहीर केली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३मध्ये नवा खर्च थांबवत असल्याची अधिकृत नोटीस काढली. समान वेतनाच्या दाव्यांची देणी हे त्यामागचे एक मोठे कारण होते. आपल्या महापालिका कायद्यात दिवाळखोरीची अशी वाट नाही. इथे देणी साचतात. मंजूर झालेली पण पैसे न दिलेली कामे ‘दायित्व’ म्हणून पुढच्या वर्षात जातात, तिथून त्याच्या पुढच्या. अंदाजपत्रक फुगते आणि ठेकेदाराचे बिल अडते. त्याचा खर्च शेवटी कामाच्या दर्जातून वसूल होतो आणि नागरिक तो नव्या रस्त्यावर पहिल्या पावसात पाहतो.

सभागृहाविना चार वर्षे

मार्च २०२२मध्ये नाशिकच्या सभागृहाची मुदत संपली. पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळपास चार वर्षे प्रशासक होते. घटनेचे कलम २४३-यू म्हणते, की मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक झाली पाहिजे. किशनसिंग तोमर प्रकरणात २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते. तरीही ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात राहिले आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत निवडणुका लांबल्या. अखेर मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला.

याचा पैशाशी काय संबंध? कायद्यातली अंदाजपत्रकाची वाट अशी आहे: आयुक्त ते मांडतात, स्थायी समिती त्याची चिरफाड करते, महासभा ते मंजूर करते आणि अंमल पुन्हा आयुक्त करतात. प्रशासकाच्या काळात हे सगळे एकाच टेबलावर होते. मांडणारा, तपासणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच. अधिकारी कितीही प्रामाणिक असला, तरी या रचनेत प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानासाठी निवडून आलेले सभागृह असणे ही अट होती. म्हणजे निवडणूक लांबली की मताचा हक्क जातो आणि केंद्राच्या पैशालाही अडसर येतो.

सिंहस्थाचा पैसा आणि त्यानंतरचा

३१ ऑक्टोबर २०२६ हा सिंहस्थ कुंभमेळ्याच्या ध्वजारोहणाचा दिवस आहे आणि २ ऑगस्ट २०२७ हे पहिले अमृतस्नान. दर बारा वर्षांनी नाशिकला रस्ते, पूल, घाट, पाणी यांसाठी एरवी कधी न मिळणारा निधी मिळतो. या वेळी राज्याने २०२५मध्ये कायदा करून स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण नेमले आहे. मोठी कामे वेगाने व्हायची तर असे प्राधिकरण उपयोगी पडेल. पण त्याने उभारलेले घाट, केंद्रे आणि रस्ते पुढे सांभाळायचे आहेत महापालिकेने. शुद्धीकरण केंद्राच्या विजेचे बिल पर्वणी संपल्यावरही दर महिन्याला येते. बांधण्याचा पैसा वरून मिळतो, चालवण्याचा शहरानेच उभा करायचा असतो.

म्हणून रोख्यांकडे नीट पाहायला हवे. कर्ज काढणे वाईट नाही. चाळीस वर्षे वापरायच्या मलवाहिनीचा खर्च एकाच वर्षाच्या करदात्याने का भरावा? २०१५पासून ‘सेबी’चे महापालिका रोख्यांसाठी नियम आहेत, हिशोब तपासून घ्यावे लागतात, पतमानांकन करून घ्यावे लागते. बाजाराला सामोरे जाणाऱ्या पालिकेला आपली वही नीट ठेवावी लागते, हा रोख्यांचा मोठा फायदा. पुण्याने २०१७मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले. पण रोखे म्हणजे उत्पन्न नव्हे. ते फेडायचे असतात आणि फेडायला नाका आता नाही.

काय करता येईल

पहिले, करयोग्य मूल्याचे दर ठरावीक वर्षांनी, जाहीर सूत्राने आणि महासभेच्या ठरावाने सुधारले जावेत. वाढ लहान असावी आणि नेमाने यावी. छोट्या घरांना आणि प्रत्यक्ष कसल्या जाणाऱ्या शेतीला सवलत द्यायची असेल, तर ती उघडपणे द्यावी आणि तिची किंमत अंदाजपत्रकात दाखवावी. दुसरे, एकही मालमत्ता नोंदीबाहेर राहू नये. नोंद नसलेल्या इमारतीचा भार नोंद असलेल्यावर पडतो. तिसरे, सरसकट शास्तीमाफीची सवय सोडून वेळेवर भरणाऱ्याला सवलत द्यावी. चौथे, कोणत्याही मोठ्या कामाला मंजुरी देताना त्याचा पुढच्या दहा वर्षांचा देखभाल खर्च शेजारी लिहावा. पाचवे राज्यासाठी: भरपाईचे ८ टक्क्यांचे सूत्र शहराच्या प्रत्यक्ष वाढीशी जोडावे. स्थानिक संस्थांना कोणता वाटा द्यायचा, हे सुचवण्यासाठी घटनेच्या कलम २४३-वायने राज्य वित्त आयोग दिला आहे. त्याच्या शिफारशी कपाटात पडून राहू नयेत.

यातल्या पहिल्या चार गोष्टींसाठी कायद्यात कोणताही बदल लागत नाही. त्या नाशिकच्या महासभेला, नाशिकमध्येच, बहुमताने करता येतात. जकातीचे दिवस परत येणार नाहीत आणि अनुदानावर चालणारे शहर स्वतःचे निर्णय फार काळ स्वतः घेऊ शकत नाही. घरपट्टी हा नागरिक आणि शहर यांच्यातला शेवटचा थेट आर्थिक दुवा आहे. तो जपायची जबाबदारी दोघांची आहे.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. चार वर्षांनी तुमच्या प्रभागाला पुन्हा नगरसेवक मिळाले आहेत. दरवर्षी २० फेब्रुवारीपूर्वी कराचे दर ठरतात आणि ३१ मार्चपूर्वी अंदाजपत्रक मंजूर व्हायचे असते. त्या दीड महिन्यात आपल्या नगरसेवकाला गाठा आणि दोन प्रश्न विचारा: आपल्या प्रभागातून घरपट्टी किती जमली आणि गेल्या वर्षीच्या मंजूर कामांपैकी किती दायित्वात गेली? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि स्वतःची घरपट्टी मुदतीत भरा.